जुन्या गाडीबद्दल जे माहीत आहे ते लिहून द्यायला लावा : परिवहन खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री आणि मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : वापरलेले वाहन विकताना अपघात, पूर, मीटर आणि टोटल लॉसची माहिती खरेदीदाराला लेखी देणे बंधनकारक करण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मी सांगलीत मोटारींचे गॅरेज चालवतो. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स करून बाहेर पडलो तेव्हापासून हेच काम. अलीकडे माझ्याकडे नव्या गाड्यांपेक्षा सेकंड हँड गाड्या जास्त येतात, आणि त्यातल्या पुष्कळ व्यवहार झाल्यावर महिना-दोन महिन्यांच्या आत येतात. तक्रार लहानशी असते. एसीला वास येतो, हॉर्न मधूनच बंद पडतो, दार लावताना जोर लागतो. गाडी उघडली की आत जे दिसते ते मालकाला सांगताना जीभ जड होते. त्या माणसाने आयुष्यातली पहिली गाडी घेतलेली असते आणि पैसे देऊन झालेले असतात.

हे पत्र आपल्याला उघडपणे लिहितो आहे, कारण हा एखाद्या गिऱ्हाइकापुरता प्रश्न राहिलेला नाही. गाडी नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरले जातात. त्यांत चेसिस नंबर, इंजिन नंबर, नाव, पत्ता, बोजा, सगळे विचारले जाते. गाडी अपघातात चेपली होती का, पाण्यात बुडाली होती का, विमा कंपनीने ती टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणे परवडणार नाही अशी, ठरवली होती का, मीटरवर आज किती किलोमीटर आहेत, यातले काहीही विचारले जात नाही. विकणाऱ्याला यातले बरेचसे ठाऊक असते, घेणारा अंधारात असतो, आणि आपले खाते दोघांच्या सह्या घेऊन नाव बदलून देते.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. जत तालुक्यातले एक प्राथमिक शिक्षक पतसंस्थेचे कर्ज काढून घेतलेली छोटी गाडी घेऊन आले होते. हॉर्न कधी वाजतो, कधी वाजत नाही, एवढीच तक्रार. स्टीअरिंगवरचे झाकण काढले तर आत एअरबॅग नव्हती. तिचा कनेक्टर जिथे लागतो तिथे दोन-तीन ओहमचा रेझिस्टर अडकवून वर काळी टेप गुंडाळली होती. असे केले की गाडीच्या कंट्रोल युनिटला एअरबॅग जागेवर आहे असेच वाटते. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा नेहमीसारखा लागतो आणि विझतो. डॅशबोर्डची डावी बाजू पाहिली, तिथेही तोच प्रकार. फाटलेला डॅशबोर्ड आतून फायबर लावून चिकटवला होता आणि वरून रंग मारला होता. ही गाडी कधीतरी समोरून जोरात ठोकली होती, दोन्ही एअरबॅगा फुटल्या होत्या, आणि नव्या बसवण्याचा खर्च टाळून ती विकली गेली होती. गुरुजींनी विचारले, "मिस्त्री, म्हणजे आमच्या गाडीत एअरबॅग नाहीच?" मी नाही म्हणालो. पुढच्या डाव्या सीटवर त्यांची आई बसते. गुडघे दुखतात म्हणून तिला मागे बसवत नाही.

गुरुजी विकणाऱ्याकडे परत गेले. त्याने स्टॅम्प पेपर पुढे केला. त्यात छापील ओळ होती : गाडी पाहून, चालवून, जशी आहे तशी ताब्यात घेतली, पुढे कोणतीही तक्रार राहणार नाही. खाली गुरुजींची सही. ते एका सरकारी कार्यालयाच्या खिडकीवरही गेले. तिथे उत्तर मिळाले की हा तुमच्या दोघांमधला खासगी व्यवहार आहे, कागदपत्रे बरोबर असतील तर आम्ही काही करू शकत नाही.

महोदय, या उत्तरामुळे मी हे पत्र लिहायला बसलो. रस्त्यावर येणाऱ्या वाहनाची सुरक्षितता हा खासगी व्यवहार असेल, तर सीटबेल्टचा दंड कशासाठी आहे? नव्या गाडीत एअरबॅग हवी म्हणून केंद्राने नियम केले. तीच गाडी दुसऱ्या हातात जाताना ती एअरबॅग आहे की काढून घेतली आहे, हे विचारायला मात्र कुणीही बांधील नाही.

खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या हातात खरोखरच काही नाही. आपल्याकडचा मूळ कायदाच गप्प राहणाऱ्याच्या बाजूने झुकलेला आहे, हे मला एका वकील मित्राने पुस्तक उघडून दाखवले. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे आणि खाली घोड्याची उदाहरणे आहेत. एका माणसाने लिलावात घोडा विकला, घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत होते, पण तो काही बोलला नाही : ही फसवणूक नव्हे. घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र नात्यामुळे सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. म्हणजे आपल्या मुलीला सांगायचे, परक्याला सांगायचे नाही. कलम १९ आणखी पुढे जाते. घेणाऱ्याला साधी काळजी घेऊन खरे शोधून काढता आले असते, तर समोरच्याच्या मौनाचे कारण देऊन करार मोडता येत नाही. १९३० चा मालविक्री कायदाही, काही अपवाद सोडले तर, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे असेच सांगतो.

घोड्याचे दात बघता येतात, त्याला चालवून बघता येते, ओळखीच्या जाणकाराला नेता येते. एअरबॅगच्या कनेक्टरमधला रेझिस्टर कोणत्या साध्या काळजीने दिसेल? मला तो दिसला, कारण मी स्टीअरिंग खोलले. गाडी घ्यायला गेलेल्या माणसाला विकणारा स्टीअरिंग खोलू देईल का?

कलम १७ मध्येच एक उदाहरण घेणाऱ्याच्या कामाचेही आहे, आणि हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावे. घेणारा म्हणतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन." विकणारा गप्प राहतो. इथे त्याचे मौन बोलण्यासारखेच धरले जाते. म्हणून टोकन देण्याआधी विकणाऱ्याला मोबाइलवर लेखी संदेश पाठवा : गाडीचा अपघात झालेला नाही, पुरात बुडालेली नाही, मीटर मागे घेतलेला नाही आणि एअरबॅग शाबूत आहेत असे मी धरून चालतो, तसे नसेल तर आत्ताच कळवा. पुढे भांडायची वेळ आली तर हा संदेश हाताशी राहील. पण प्रत्येक नागरिकाने दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यातली पळवाट शोधून स्वतःचे रक्षण करावे, अशी अपेक्षा सरकारने ठेवू नये.

ग्राहक कायद्याचे काय, असे कुणी विचारील. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा, मानक आणि किंमत याबद्दल माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि व्यापारी धंदा म्हणून गाड्या विकत असेल तर जिल्हा आयोगाचे दार उघडे आहे. पण बहुतेक व्यवहारांत व्यापारी कागदावर कुठेच नसतो. गाडी मूळ मालकाच्या नावावर, सही मूळ मालकाची, पैसे रोख किंवा तिसऱ्याच्याच खात्यावर. "आम्ही फक्त गाडी दाखवली," एवढे म्हणून तो मोकळा होतो. आणि मालकाने स्वतः थेट विकली असेल तर तो व्यापारी नसल्याने ग्राहक आयोगाचा रस्ताच बंद.

आता पुराच्या गाड्यांबद्दल. हे मी सांगलीकर म्हणून लिहितो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभाग, मारुती चौक, स्टँडचा परिसर, शामरावनगर, कर्नाळ रोड, जिथे जिथे गाड्या उभ्या होत्या तिथे त्या दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. त्याच महिन्यात वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड बुडवले. त्याआधी २६ जुलै २००५ ची मुंबई सगळ्यांना आठवते. या प्रत्येक पुरानंतर गाड्या ट्रेलरवर चढून गेल्या. भंगारात गेल्या त्यांची काळजी नाही. धुऊन, पुसून, सीटकव्हर बदलून परत विकल्या गेल्या त्यांची आहे, आणि त्या सहसा पुराच्या गावात विकल्या जात नाहीत. सांगलीचा माणूस सीटखाली हात घालून बघतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्या जातात तिथे, जिथे कुणी कधी पूर पाहिलेला नाही.

बुडालेली गाडी कशी ओळखायची हे मी गिऱ्हाइकांना फुकट शिकवतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. रोज वापरात येणारा पट्टा धुतलेला असतो, रिळात गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीट पुढे सरकवून रेलचे बोल्ट बघा, गंज फक्त तिथेच असेल तर विचार करा. स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यातली माती बोटाने खरवडा. फ्यूजबॉक्सच्या पिनांवर हिरवट थर आहे का ते बघा. हे करून काही लोक वाचतात. पण गालिचा बदलला, पट्टे बदलले, पिना घासल्या की माझ्यासारख्यालाही वरवर बघून कळत नाही. अशा गाडीचा दोष लगेच दिसत नाही. वायरिंगच्या जोडांत शिरलेले पाणी तांबे आतून खात राहते. सहा महिन्यांनी, वर्षाने, चालत्या गाडीत पॉवर स्टीअरिंग बंद पडते किंवा घाटात इंजिन बंद होते. एअरबॅगचे युनिट पुष्कळ गाड्यांत गिअरच्या पुढे, जमिनीलगत बसवलेले असते. पाणी सगळ्यात आधी तिथे पोचते.

या गाड्यांची माहिती कुणाकडेच नाही असे नाही, हे मला फार लागते. पुरानंतर मालकाने विमा कंपनीकडे दावा केलेला असतो. सर्वेअर येऊन फोटो काढून गेलेला असतो, पाणी कुठवर होते ते लिहिलेले असते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी ती टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते, आणि गाडी लिलावात विकली जाते. गाडीबरोबर आरसी बुकही जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले तर मालकाने १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. पण टोटल लॉस हा पैशांचा हिशेब आहे, गाडी दुरुस्त होऊ शकते असे म्हणून ती नोंदणी जिवंतच राहते. मग दोनपैकी एक होते. एक तर ती चेपलेली, बुडालेली गाडी कशीबशी उभी करून विकली जाते. नाहीतर तिचे कागद आणि चेसिस नंबरचा तुकडा तेवढा वापरला जातो आणि तो नंबर चोरीच्या गाडीवर बसतो. हा दुसरा प्रकार पोलिसांनी पुन्हा पुन्हा उघडकीस आणला आहे. पकडली जाते तेव्हा गाडी जप्त होते ती शेवटच्या, निरपराध खरेदीदाराच्या दारातून.

सरकारच्या एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की मला गाडीची नोंदणी तारीख, इंधन, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा दिसतो. टोटल लॉस झालेली गाडी आणि घरात झाकून ठेवलेली गाडी, दोघी तिथे अगदी सारख्या दिसतात.

मीटरबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी केबल काढून ड्रिल मशीनने मीटर उलटा फिरवत. आता लॅपटॉप आणि एक वायर पुरते, चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात दीड लाखाचे साठ हजार होतात. आमच्याच धंद्यातली माणसे हे करून देतात आणि ते उघड आहे. लोकांना वाटते की यात नुकसान फक्त पैशांचे. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो तो ठरावीक किलोमीटरला बदलावा लागतो. मीटर मागे घेतलेल्या गाडीचा मालक आकडा बघून निश्चिंत राहतो, आणि पट्टा चालत्या गाडीत तुटतो. व्हॉल्व वाकतात, इंजिन जागच्या जागी थांबते. मागून ट्रक येत असेल तर पुढचे काय सांगावे. टूरिस्ट म्हणून रात्रंदिवस पळालेल्या, मग परमिट सोडून प्रायव्हेट केलेल्या डिझेल गाड्यांत हे सगळ्यात जास्त बघायला मिळते.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५५ क्रमांकाच्या नियमापुढे नवे नियम घातले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. ते चांगले आहेत, हे मी मनापासून म्हणतो. व्यापाऱ्याने परिवहन खात्याकडून अधिकृतता घ्यायची, ती पाच वर्षे चालते. मालकाने गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिली की ऑनलाइन कळवायचे, मग तोपर्यंतचा मालक मोकळा आणि व्यापारी मालक मानला जातो. व्यापाऱ्याने गाडी ट्रायलला काढली तर फेरीचे कारण, चालक, वेळ आणि किलोमीटर यांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवायची. महोदय, ट्रायलला गाडी किती किलोमीटर फिरली हे लिहून ठेवायला लावणाऱ्या नियमांनी, ती गाडी पूर्वी पुरात होती का हे खरेदीदाराला सांगायला लावलेले नाही.

आणि जे नियम आहेत त्यांचे काय झाले? आमच्या भागात रस्त्याच्या कडेला, पेट्रोल पंपाच्या शेजारी, मोकळ्या प्लॉटवर गाड्या मांडून विकणारे कितीतरी आहेत. किती जणांकडे अधिकृतता प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले दिसते? मी तरी क्वचितच पाहिले. अजूनही कोऱ्या टीटीओ (मालकी बदलण्याच्या) फॉर्मवर मालकाची सही घेऊन गाडी दोन-तीन हात फिरते आणि शेवटच्या माणसाचे नाव लागते. यात विकणाराही मरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर १४ दिवसांत कळवायचे असते, पण लोकांना ते कुणी सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की गाडी प्रत्यक्षात कितीही हात फिरली असली तरी अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची. त्या खटल्यात पहिल्या मालकाने गाडी जुलै २००७ मध्ये विकली होती आणि अपघात मे २००९ मध्ये झाला होता. गाडी विकून पैसे खर्चून मोकळा झालेला माणूस दोन वर्षांनी अपघात न्यायाधिकरणासमोर उभा राहू शकतो. हे माहीत असते तर कोऱ्या फॉर्मवर सही करायला कोण तयार होईल?

या धंद्यात सगळेच लबाड आहेत असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे अन्यायाचे होईल. माझ्याकडे गाडी पाठवून, "मिस्त्री, जे असेल ते लिहून द्या, मी गिऱ्हाइकाला दाखवणार आहे," असे सांगणारे व्यापारी आहेत. त्यांची अडचण ही की खरे सांगितले की भाव पडतो, आणि शेजारचा न सांगता तीच गाडी जास्त पैशांना विकतो. सांगणे सगळ्यांना सक्तीचे झाले तर सगळ्यात जास्त फायदा या माणसांचा होईल.

बाहेर हे झालेले आहे. अमेरिकेत १९७२ पासून मीटरमध्ये फेरफार करणे हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे आणि नाव बदलताना विकणाऱ्याला रीडिंग लिहून द्यावे लागते. तिथल्या व्यापाऱ्याला प्रत्येक जुन्या गाडीच्या काचेवर वॉरंटी आहे की नाही हे सांगणारा छापील कागद लावावा लागतो. बेल्जियममध्ये २००६ पासून मीटरच्या नोंदींचे प्रमाणपत्र हातात दिल्याशिवाय जुनी गाडी विकता येत नाही. गॅरेजने, टायरवाल्याने, तपासणी केंद्राने प्रत्येक वेळी रीडिंग कळवायचे, त्यामुळे आकडा मागे गेला की लगेच दिसतो. यात आपल्याला न जमणारे काय आहे? आपण १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवायला लावली, मुदती वाढवत वाढवत का होईना, खेड्यापाड्यातल्या मोटारसायकलपर्यंत हा हुकूम पोचला. जुन्या गाडीच्या व्यवहारात नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर जानेवारी २०२५ पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. ज्या व्यवहारातून सरकार कर घेते, त्यात घेणाऱ्याला चार प्रश्नांची खरी उत्तरे मिळतील एवढे तरी पाहावे.

माझ्या मागण्या या आहेत.

१. नाव बदलण्याच्या अर्जाबरोबर एक पानाचे खुलासापत्र सक्तीचे करावे, मराठीत, साध्या प्रश्नांचे. चेसिस किंवा छताच्या खांबांपर्यंत पोचलेला अपघात झाला आहे का? एअरबॅग कधी उघडल्या आहेत का, आणि नव्या बसवल्या का? गाडीत पाणी सीटपर्यंत चढले होते का? विम्यात टोटल लॉस ठरली होती का? मीटर बदलला आहे का, आज रीडिंग किती? पूर्वी टूरिस्ट किंवा भाड्याची होती का? कर्ज, चलन, पोलीस केस बाकी आहे का? प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरे असावीत : हो, नाही, मला माहीत नाही. तिसरे उत्तर महत्त्वाचे आहे. निवृत्त माणूस आपली एकुलती गाडी विकतो, त्याला आधीच्या मालकाच्या काळातले ठाऊक नसेल तर त्याला खोटे पाडू नये. धंदा करणाऱ्याला मात्र "माहीत नाही" म्हणायची सवलत नको. त्याने गाडी तपासूनच विकावी. हे पत्र पोर्टलवर चढल्याशिवाय नाव बदलू नये, आणि त्यात जाणूनबुजून खोटे लिहिले तर घेणाऱ्याला गाडी परत करून पूर्ण पैसे मागता यावेत. फॉर्म २९ वर सही करताना विकणारा माहिती खरी असल्याची हमी देतोच. तेव्हा हमी नवी मागायची नाही, प्रश्न तेवढे वाढवायचे आहेत.

२. पीयूसी काढताना, विमा घेताना, फिटनेसला आणि नाव बदलताना मीटरचे रीडिंग वाहन नोंदणीच्या सरकारी 'वाहन' या संगणक प्रणालीत चढवावे आणि ते कुणालाही बघता यावे. पीयूसी केंद्रावर गाडी येतेच, त्या यंत्राशेजारी उभा असलेला मुलगा नंबरप्लेटचा फोटो काढतोच. आणखी एक फोटो मीटरचा.

३. विमा कंपनीने टोटल लॉसचा किंवा पुराचा दावा मंजूर केला की ती नोंद ठरावीक दिवसांत 'वाहन'वर गेली पाहिजे. टोटल लॉस गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असेल तर मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी व्हावी आणि आरसीवर तसा कायमचा शेरा यावा. दुरुस्त होणार नसेल तर नोंदणी रद्द व्हावी आणि चेसिस नंबर कापून नष्ट केल्याचा पुरावा घ्यावा. विमा नियामकाशी यासाठी बोलावे लागेल, ते काम आपल्या खात्याने करावे.

४. २०२३ पासून लागू असलेले व्यापारी अधिकृततेचे नियम राज्यात प्रत्यक्ष अमलात आणावेत. जिल्हावार अधिकृत व्यापाऱ्यांची यादी जाहीर करावी.

५. कोऱ्या फॉर्मवर सही करण्याचे धोके सांगणारा फलक प्रत्येक आरटीओ कार्यालयात लावावा.

यातले काही केंद्राच्या हातात आहे, हे मला माहीत आहे. फॉर्म केंद्राचे आहेत. पण वाहने हा विषय समवर्ती सूचीत आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ६५ ने नोंदणीसंबंधी नियम करण्याचे अधिकार राज्यालाही दिले आहेत. चौथी आणि पाचवी मागणी आपण उद्या परिपत्रक काढून पूर्ण करू शकता. दुसऱ्या मागणीची सुरुवात राज्यातल्या पीयूसी केंद्रांपासून होऊ शकते. पहिल्या आणि तिसऱ्यासाठी राज्य सरकारने केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला लेखी प्रस्ताव पाठवावा आणि तो लोकांना वाचायला ठेवावा. तोपर्यंत खुलासापत्राचा नमुना खात्याच्या संकेतस्थळावर ऐच्छिक म्हणून तरी टाकावा. सरकारी शिक्क्याचा कागद समोर असला की गुरुजींसारख्या माणसाला तो विकणाऱ्यापुढे ठेवून "हे भरून द्या" म्हणता येते, आणि भरून द्यायला कोण कचरतो ते दिसते.

खुलासापत्रात कोणते प्रश्न असावेत हे ठरवताना रोज गाड्या उघडणाऱ्या मिस्त्रींनाही बोलवावे. आम्ही येऊ. गाडीतली खोट कुठे आणि कशी लपवली जाते, हे प्रत्यक्ष खोलून दाखवू.

या पत्राची प्रत रस्ते वाहतूक मंत्रालयाला आणि सांगली जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींना पाठवत आहे. आपल्या खात्याचे उत्तर लेखी यावे, ते मी गॅरेजच्या भिंतीवर लावीन.

आपला,
एक मोटार मिस्त्री, सांगली